वाफेचे इंजिन : पडद्यावरचे आणि खरे



येलदरीला रूळ नाहीत. गाडी गाठायची तर आपल्याला परभणीला किंवा सेलूला जावे लागते. अशा गावात उभे राहून आगगाडीच्या इंजिनाविषयी तासभर बोलायचे, आणि तेही खऱ्या इंजिनाविषयी नव्हे तर संगणकाच्या पडद्यावर चालणाऱ्या इंजिनाविषयी, हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय मान्य केला, तेव्हा माझ्या वेडाचा अर्धा दोष त्यांच्या पदरात टाकून मी सुरुवात करतो.

प्रथम शब्दाचा उलगडा. सिम्युलेटर म्हणजे एखादे यंत्र चालवण्याचा हुबेहूब आभास देणारी संगणकावरची सोय. विमान चालवायला शिकणाऱ्यांना तिचा उपयोग फार दिवसांपासून होत आला आहे. आगगाडीचेही असे सिम्युलेटर घरगुती संगणकावर आले. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे ‘ट्रेन सिम्युलेटर’ २००१ सालचे. पुढे त्याच धर्तीवर ‘ओपन रेल्स’ नावाचे एक सिम्युलेटर हौशी मंडळींनी मिळून तयार केले. ते फुकट मिळते, आणि त्याची रचना कोणालाही उघडून पाहता येते. गंमत अशी, की त्यात चालवायची इंजिने लोक स्वतः घडवतात. कोणी आपल्या गावच्या मार्गावरचे घडवतो, कोणी आजोबांनी चालवलेले घडवतो. मी घडवायला घेतले ते लाकूड वाहणारे इंजिन.

लाकूड वाहणारेच का? आपल्याकडची पुष्कळशी इंजिने एका साच्याची असतात. वाफ सिलिंडरात शिरते, दट्ट्या पुढेमागे होतो, दांडा ते बळ थेट मोठ्या चाकांना देतो. हा साचा सपाट आणि पक्क्या मार्गावर उत्तम चालतो. जंगलातला मार्ग मात्र सपाटही नसतो आणि पक्काही नसतो. आज इथली झाडे तोडली, उद्या रूळ उचलून पलीकडच्या टेकडीवर टाकले, असा तो संसार. त्या वेड्यावाकड्या रुळांवर लांब ताठ इंजिन टिकत नाही. चढ आला की चाके जागच्या जागी फिरतात, वळण आले की ती रुळावरून उतरतात.

अमेरिकेत मिशिगन राज्यात इफ्राइम शे नावाचा एक लाकडाचा व्यापारी होता. त्या भागात ओंडके हिवाळ्यात बर्फावरून घसरगाड्यांनी ओढून आणत. बर्फ वितळले की धंदा थंड. बारा महिने वाहतूक चालावी म्हणून त्याने रूळ टाकले, आणि त्या रुळांना मानवेल असे इंजिन स्वतःच योजले. १८८१ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. ओहायोतल्या लायमा येथील कारखान्यात अशी सुमारे २,७७० इंजिने बनली. शेवटचे १९४५ साली बाहेर पडले.

शेची युक्ती सांगायला सोपी आहे. त्याने सिलिंडर इंजिनाच्या उजव्या अंगाला उभे लावले. ते आडव्या दांड्याला फिरवतात. तो दांडा इंजिनाच्या एका बाजूने लांबवर जातो आणि दातेरी चाकांच्या द्वारे खालच्या प्रत्येक चाकाला बळ देतो. एका अंगाला एवढे ओझे आले म्हणून तोल साधण्यासाठी बॉयलर डावीकडे सरकवलेला असतो. समोरून पाहिले तर इंजिन खांदा पाडून उभे असल्यासारखे दिसते. पण त्याचे सगळे वजन ओढणाऱ्या चाकांवर असते, एकही चाक नुसते फुकट फिरत नाही. शिवाय चाके लहान लहान गाड्यांत बसवलेली असल्यामुळे ती वळणावर वळतात, आणि दांड्याचे सांधे त्यांच्याबरोबर वाकतात, लांबतात, आखडतात.

हीच अडचण आपल्याकडेही होती आणि तिची उत्तरे निराळी निघाली. नेरळहून माथेरानला जाणारी दोन फुटी गाडी १९०७ साली सुरू झाली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभाई यांनी ती उभारली. तिथे चढ २० त १, आणि वळणे अशी की मागच्या डब्यातल्या माणसाला पुढचे इंजिन खिडकीतून दिसावे. त्या गाडीसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीकडून जी इंजिने आणली, त्यांत क्लीन-लिंडनर पद्धतीचे पोकळ आस होते. त्यांच्यामुळे टोकाची चाके वळणावर थोडी बाजूला सरकू शकत. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची, अडीच फुटी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियराने तिथे प्रत्येक आसावरचे वजन ठराविक मर्यादेत ठेवून हलक्या रुळांवरून जड माल नेऊन दाखवला. आणि लाकडाचीच गाडी म्हणाल तर कोचीन संस्थानात चालकुडीहून परंबिकुलमच्या सागवानी जंगलात जाणारी वनट्रॅमवे होती. १९०७ ते १९६३ ती चालली. तिथे काही चढ इतके खडे होते, की इंजिनाचा नाद सोडून दोराला बांधलेल्या भरल्या वाघिणी खाली सोडत आणि त्यांच्या ओढीने रिकाम्या वाघिणी वर घेत.

शे इंजिने आशियातही आली. तैवानमधल्या अलीशान डोंगरावरची लाकडे उतरवण्यासाठी जपानी राजवटीत जी वनरेल्वे बांधली, तिच्यावर ती धावली. त्या मार्गाची रुंदी अडीच फूट, म्हणजे बार्शीच्या गाडीची आणि आपल्या विदर्भातल्या शकुंतलेची. चढ काही ठिकाणी १६ त १. त्या मार्गावरचे २८ टनी, तीन सिलिंडरांचे शे इंजिन मी नमुना म्हणून घेतले.

आता घडवणे म्हणजे काय ते सांगतो. त्याचे दोन भाग आहेत : रूप आणि हिशेब.

रूपाचे काम ‘ब्लेंडर’ नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनात केले. जुने आराखडे आणि छायाचित्रे समोर ठेवून बॉयलर, धुराडे, चाके, एकेक खिळा असे सारे पडद्यावर त्रिमिती आकारांत उभे करायचे. तिथे काटकसर शिकावी लागते. प्रत्येक खिळा खराखुरा गोल केला तर संगणकाला ते ओझे पेलवत नाही. म्हणून पुष्कळ खिळे नुसते रंगवायचे, आणि इंजिन दूर गेले की त्याच्या जागी एक साधे, कमी तपशिलाचे रूप ठेवायचे. डोंबाऱ्याच्या ढोलासारखे पुढे चामडे, आत पोकळी. यात फसवणूक आहे हे मी कबूल करतो. पण ती पाहणाऱ्याच्या संमतीने केलेली फसवणूक आहे. नाटकातला राजवाडा कापडाचा असतो हे आपल्याला ठाऊक असते.

मात्र एका ठिकाणी माझी गाडी अडली. सिम्युलेटरमध्ये चाकाचा एक फेरा म्हणजे चलचित्राचा एक तुकडा. तो संपला की पुन्हा पहिल्यापासून. साध्या इंजिनात काही अडचण नाही, कारण चाक एकदा फिरले की दांडाही जिथून निघाला तिथेच परत आलेला असतो. शे इंजिनात दातेरी चाके आली. समजा लहान चाकाला २० दात आणि मोठ्याला ४३. तर रुळावरचे चाक एकदा फिरेपर्यंत वरचा दांडा २.१५ वेळा फिरतो. तुकडा संपला तेव्हा दांडा मूळ जागी नसतो, आणि नवा तुकडा सुरू होताना तो उडी मारून मूळ जागी जातो. दर फेऱ्याला एक उचकी. इंजिनाला ढास लागल्यासारखे दिसे.

कोणी म्हणेल, सरळ दुप्पट का नाही ठेवले त्या लोकांनी? तर दातेरी चाके करणारे कारागीर असा पूर्ण भाग पुष्कळदा मुद्दाम टाळतात. पूर्ण भाग गेला की तेच दोन दात पुन्हा पुन्हा एकमेकांना भेटतात आणि एकाच जागी झिजतात. अपूर्णांक ठेवला की प्रत्येक दाताची गाठ प्रत्येकाशी पडते आणि झीज सारखी वाटली जाते. म्हणजे माझ्या चित्राला जो अपूर्णांक खुपत होता, तो खऱ्या यंत्राचे आयुष्य वाढवणारा होता.

शेवटी मी तडजोड केली. डोळ्यांना दिसणारा दांडा दुप्पट फिरेल, आणि ओढीच्या हिशेबात मात्र खरे २.१५ राहील. ओपन रेल्समध्ये दातेरी इंजिनाचे हे गुणोत्तर वेगळे लिहिता येते, म्हणून हे जमले. पाहणाऱ्याला फरक कळत नाही. पण त्या दिवशी मी स्वतःला एक नियम घालून दिला : दिसण्यात खोटे चालेल, वागण्यात चालणार नाही. हा नियम मी किती पाळला ते पुढे सांगतो, आणि खरे म्हणजे तेच सांगायला मी आज इथे आलो आहे.

आवाजाचे थोडे सांगतो, कारण तिथेही वागण्याचाच प्रश्न आहे. साध्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार फुत्कार होतात. आपण लहानपणी ‘झुकझुक’ म्हणतो ते हेच. तीन सिलिंडरांच्या शे इंजिनात दांड्याच्या एका फेऱ्याला सहा, आणि दांडा चाकाच्या दुपटीहून जास्त फिरतो. चाकाचा परीघ २.३ मीटर धरला तर ताशी १० किलोमीटर वेगाला साधे इंजिन सेकंदाला पाचांहून कमी फुत्कार देते, आणि शे पंधरांहून जास्त. डोळे मिटून ऐकाल तर मेल गाडी चालली आहे असे वाटेल. डोळे उघडाल तर शेजारून माणूस सायकलने पुढे जाईल. एवढी घाई आणि एवढी चाल!

आता हिशेब. इथे मला आपल्या धरणाची फार मदत होते. पूर्णेवरचे हे धरण १९६८ साली पूर्ण झाले, त्याच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजघर उभे राहिले. पाण्याची आवक, साठा आणि विसर्ग हे शब्द येलदरीच्या शाळकरी मुलालाही शिकवावे लागत नाहीत. बॉयलर म्हणजे तसेच एक धरण समजा. भट्टीच्या उष्णतेने जी वाफ तयार होते ती आवक. बॉयलरमधला दाब म्हणजे साठ्याची पातळी. सिलिंडर जी वाफ खातात तो विसर्ग. विसर्ग आवकेपेक्षा जास्त झाला की पातळी उतरते, मग टर्बाइन कितीही उत्तम असो. इंजिनाचेही असेच. चाकांची पकड त्याला ओढू देते खरी, पण किती वेळ ओढायचे हे बॉयलर ठरवतो.

एक उदाहरण घेऊ. मी परीक्षेसाठी १६ त १ चा चढ रचला. अशा चढावर प्रत्येक टनामागे साडेबासष्ट किलो बळ नुसते वर चढण्यासाठी लागते. इंजिन २८ टन, वाघिणी मिळून ४० टन, एकूण ६८ टन. म्हणजे सव्वाचार हजार किलो, आणि रुळांचा विरोध मिळवला की सुमारे ४,८०० किलो. कोरड्या रुळावर चाकांची पकड वजनाच्या चौथ्या हिश्शाइतकी धरली तर ७,००० किलो मिळते. काम भागते. पाऊस पडून पकड सातव्या हिश्शावर आली की ४,००० च मिळते, चाके घसरतात, आणि वाळू टाकावी लागते. हा सारा हिशेब सिम्युलेटर दर क्षणाला करत असतो. आपण फक्त त्याला इंजिनाची मापे खरी द्यायची : सिलिंडरांचा व्यास, दट्ट्याची धाव, दाब, शेगडीचे क्षेत्रफळ, आगीने तापणाऱ्या पृष्ठाचे क्षेत्रफळ.

मी मापे दिली. इंजिन चालू केले. आणि काय सांगू, माझे इंजिन त्या चढावर चाळीस टन घेऊन असे गेले की जणू उतारच आहे. दाबाचा काटा जागचा हलला नाही. मी चार मित्रांना दाखवले, त्यांनी वाहवा केली. मी आणखी वाघिणी जोडल्या. कोरडा रूळ असेपर्यंत तेही ओढले गेले. दोन महिने मी त्या इंजिनाच्या अभिमानात होतो.

पुढे एका लग्नात पूर्णेच्या एका वृद्ध गृहस्थांशी गाठ पडली. मीटर गेजच्या वाफेच्या इंजिनावर त्यांनी तरुणपणी फायरमनचे काम केलेले. मी लॅपटॉप बरोबर नेला होता. वेडा माणूस लग्नातही वेड बरोबर घेऊन जातो. मी त्यांना माझे इंजिन दाखवले. त्यांनी रंगाकडे पाहिले नाही, खिळ्यांकडे पाहिले नाही. काट्याकडे पाहत राहिले. चढ संपला तेव्हा म्हणाले, “सर, ह्या इंजिनाला भूकच नाही की हो.”

मी विचारले, “म्हणजे काय काका?”

ते म्हणाले, “चढावर इंजिन खातं. कोळसा खातं, पाणी पितं. बेलचा खाली ठेवायला फुरसत नसते. पाणी घातलं की थंड पाण्यानं काटा पडतो, न घालावं तर काचेतलं पाणी उतरतं. दोन्हीकडून मरण. तुमचा काटा तर देवळातल्या घड्याळासारखा उभा आहे.”

मी म्हटले, यात कोळसा टाकण्याचे काम संगणक आपोआप करतो. ते हसले. म्हणाले, “संगणकानं टाकला तरी जळायला वेळ लागतोच ना?”

घरी येऊन मी मापांची यादी पुन्हा तपासली. दुसऱ्या की तिसऱ्या ओळीतच चूक सापडली. जुन्या आराखड्यातली क्षेत्रफळे चौरस फुटांत होती. मी तेच आकडे उचलून पुढे चौरस मीटर लिहिले होते. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. शेगडीलाही आणि तापणाऱ्या पृष्ठालाही. माझ्या इंजिनाच्या पोटात अकरा इंजिनांची भट्टी होती. छोट्या तळ्याला मी येलदरीची आवक जोडली होती, मग पातळी उतरणार कशी?

ज्या माणसाने ‘वागण्यात खोटे चालणार नाही’ असा नियम केला, त्याचे हे वागणे. आणि लक्षात घ्या, ते कोणाला दिसले नाही. मला नाही, माझ्या मित्रांना नाही. आम्ही सारे चित्र पाहणारे. ज्याच्या हाताला त्या बेलच्याचे वजन माहीत होते, त्यालाच ते दिसले. आराखडा मजजवळ होता, त्यांच्याजवळ नव्हता. तरी चूक मी केली आणि पकडली त्यांनी.

मापे दुरुस्त केली आणि इंजिन चढावर निम्म्यात बंद पडले. तेच चाळीस टन. पकड पुरत होती, वाफ पुरत नव्हती. आठ दिवस मी त्याला आपोआप कोळसा टाकू दिला, मग ती सोय बंद करून स्वतः टाकू लागलो. तेव्हा कळले की चढावर आल्यावर आग वाढवणारा फायरमन उशीर करतो. आग चढाच्या आधी मैलभर बांधायची असते, पाणी सपाटीवर भरून घ्यायचे असते, म्हणजे चढावर इंजेक्टर कमी चालवावा लागतो. मी पूर्णेला जाऊन काकांना हे सांगितले. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी कोणत्याही आकड्यात नव्हती. चढ संपून इंजिनाचे तोंड उताराला लागले की बॉयलरमधले पाणी पुढे पळते, आणि मागे भट्टीचे छत उघडे पडू शकते. छत उघडे पडले की ते तापून मऊ होते, आणि मग जे होते ते सांगायला कोणी उरत नाही. म्हणून चढाच्या माथ्यावर काचेत पाणी किती आहे ते पाहिल्याशिवाय चांगला फायरमन ड्रायव्हरला पुढे जाऊ देत नसे. “ड्रायव्हर साहेब होता,” ते म्हणाले, “पण माथ्यावर हुकूम माझा.”

तिसऱ्या भेटीला मी संगणक त्यांच्यापुढे ठेवला आणि कोळसा टाकण्याची कळ दाखवली. थोडा वेळ बोटे चुकली. मग जमले. ते कोळसा टाकत, काटा पाहत, थांबत, पुन्हा टाकत. चढ मध्यावर आला, काटा उतरला, त्यांनी पाणी बंद केले, थोडे थांबून पुन्हा सुरू केले. गाडी माथ्यावर पोचली तेव्हा वेग माणसाच्या चालीइतका राहिला होता. घरातली नातवंडे भोवती जमली होती. त्यातला एक म्हणाला, “आजोबा, किती हळू चालतं हे!” आजोबा म्हणाले, “हळू नाही रे, जड.”

बंधुभगिनींनो, यातून मला जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो आणि संपवतो. वाफेचे इंजिन आपल्या देशातून रोजच्या वापरातून जवळजवळ गेले. काही संग्रहालयात आहेत; माथेरानचे एक नेरळला ठेवले आहे. मूर्तिजापूरच्या शकुंतलेला १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले इंजिन १९९४ सालापर्यंत ओढत होते, तेही आता ओढत नाही. लोखंड टिकते, आराखडे टिकतात. पण चढाच्या आधी मैलभर आग बांधायची, हे ज्ञान लोखंडात नसते आणि आराखड्यातही नसते. ते माणसाच्या हातात असते आणि माणसाबरोबर जाते.

आणि ही गोष्ट फक्त इंजिनाची नाही. हे धरण बांधले गेले तेव्हा पूर्णाकाठच्या गावांवर पाणी आले. त्या गावांच्या जमिनीची मोजणी सरकारी कागदात आहे. पण कोणत्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात आटत नसे, कोणत्या वाटेने पावसात बैलगाडी जात असे, हे कोणत्या कागदात आहे? धरणावर ज्यांनी माती वाहिली, दगड फोडला, वीजघराची यंत्रे पहिल्यांदा फिरवली, त्यांच्यापैकी जे आज असतील ते ऐंशीच्या पुढे असतील. यंत्राचे कान कसे ओळखायचे, दरवाजा उचलताना कोणता आवाज धोक्याचा, हे त्यांनी कोणाला सांगितले आहे काय? आपल्या घरात असा कोणी असेल तर या सुटीत त्याच्याशेजारी वही घेऊन बसा. त्याला इतिहास विचारू नका. इतिहास विचारला की माणूस भाषण करतो, जसा मी करतो आहे. त्याला एवढेच विचारा, की तुमचे काम कसे करायचे ते मला शिकवा. आणि शिकताना एखादी चूक मुद्दाम करा. ती दुरुस्त करताना तो जे बोलेल, ते लिहून घ्या.

माझे इंजिन आता फुकट वाटले आहे, ज्याला हवे त्याने घ्यावे. त्याबरोबर जी सूचनापत्रिका दिली आहे तिच्यात आकड्यांच्या आधी काकांच्या सांगण्यावरून लिहिलेले एक पान आहे. चढाच्या आधी काय करायचे, माथ्यावर काय पाहायचे. त्यांचे नाव घालू का म्हणून मी विचारले. ते नको म्हणाले. “नाव कशाला? पाणी बघा म्हणावं, म्हणजे झालं.”